येणार येणार म्हणतात तो कॅमेरा

"आला नाही हो ताई अजून. मार्चपासून येणार येणार म्हणून राहिले, अन् पत्ता नाही."

मला वाटलं, गोंदियाहून शेजारच्या वहिनींचा भाऊ यायचा होता तो राहिला. मी म्हटलं, गाडी अडकली असेल कुठे, पावसाचे दिवस आहेत.

"भाऊ नाही हो बाप्पा. कॅमेरा!"

आमच्या दोन घरांमधली भिंत छातीइतकी उंच आहे. तिकडचा कढीपत्ता इकडे वाकतो, इकडची तोंडली तिकडे चढते, आणि बातम्यांना तर वेलीइतकाही वेळ लागत नाही. बीरगांव म्हणजे रायपूरचं उत्तरेकडचं टोक. शेजारी उरला, बिलासपूर रस्त्याने पुढे गेलं की सिलतरा. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल्स. सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी झटकूनच घरात न्यावा लागतो. त्यामुळे दिवसातून दोनदा, कपडे वाळत घालताना आणि काढताना, आमची भिंतीपाशी गाठ पडतेच.

वहिनींचे यजमान, आमचे भाऊ, लग्नाचे फोटो काढतात. चुलमाटीच्या विधीपासून बिदाईपर्यंतचं सगळं काम त्यांचं. पण देवशयनीला देव झोपले की फोटोग्राफरही घरी बसतो तो जेठौनीपर्यंत, म्हणजे कार्तिकी एकादशीपर्यंत, आणि याच चार महिन्यांत कॅमेऱ्यांच्या अफवांना ऊत येतो. मी उगाच म्हणत नाही. २०१८ चं बघा. २३ ऑगस्टला निकॉनने आपले पहिले फुल फ्रेम मिररलेस, म्हणजे मोठ्या सेन्सरचे बिनआरशाचे कॅमेरे, झेड ६ आणि झेड ७, जाहीर केले. ५ सप्टेंबरला कॅननचा ईओएस आर आला. २५ सप्टेंबरला लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा या तिघांनी मिळून एकच माउंट, म्हणजे लेन्स बसवायचं तोंड, वापरायचं ठरवलं. म्हणजे दोन बार श्रावणात, तिसरा भाद्रपदात. जर्मनीतल्या कोलोनचा फोटोकिनाचा मेळा सप्टेंबरात भरायचा, म्हणून हे दिवस. तो मेळा २०२० मध्ये बंद पडला, पण आमच्या गल्लीतली सवय काही गेली नाही.

"मग आता काय येणार म्हणतात भाऊ?"

"नवी बॉडी येऊन राहिली म्हणते. फुल फ्रेम. अन् तिच्यासंगं नवा अ‍ॅडॉप्टर, त्याच्यात मोटर. मोटर आली का आपली ऐंशी-दोनशे पुन्हा चालू होते म्हणते. रात्रीचे दोन वाजेतो मोबाइल घेऊन बसून राहतात. मी म्हटलं, ऐंशी-दोनशे कोण? तर लेन्स निघाली."

माझ्या वडिलांचा रायपूरच्या तात्यापाऱ्यात स्टुडिओ होता, म्हणून या गोष्टी मला परक्या नाहीत. आणि खरं सांगायचं तर ही मोटरची अफवा मी झेड ६ आल्यापासून ऐकते आहे. भाऊंकडे निकॉनचा डी७५०. पेटीत पन्नास एमएमची जुनी डी लेन्स, टॅमरॉनची चोवीस-सत्तर, आणि त्यांचा जीव जिच्यावर, ती ऐंशी-दोनशे एफ २.८ डी. सगळ्या पेटीचा प्रश्न एकच: नव्या बॉडीवर हे चढेल का, आणि चढलं तर चालेल का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि अफवा पिकवणारे नेमके पहिल्याचं उत्तर देऊन दुसऱ्यावर गप्प बसतात.

चढेल. ते गणित सोपं आहे. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा. लेन्स जिथे बसते तिथपासून फिल्मपर्यंत, आता सेन्सरपर्यंत, साडेशेचाळीस मिलिमीटर अंतर. एवढं लांब ठेवावं लागलं कारण मधे आरसा होता, आणि फोटो काढताना तो वर उचलायला जागा हवी. मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून झेड माउंटमध्ये हे अंतर सोळावर आलं. उरलेली साडेतीस मिलिमीटरची जागा एफटीझेड नावाचा अ‍ॅडॉप्टर भरतो. त्याच्या आत काच नाही, नुसती पोकळी आणि तारा, त्यामुळे चित्राचा दर्जा कमी होण्याचं कारण नाही.

चालेल का, तिथे गोम आहे. नुसतं डी लिहिलेल्या जुन्या लेन्समध्ये फोकस करायची मोटर नसते. मोटर कॅमेऱ्यात असायची, आणि माउंटमधून एक स्क्रू बाहेर डोकवायचा, तो लेन्सची चाकं फिरवायचा. नंतरच्या एएफ-एस लेन्सनी मोटर स्वतःच्या पोटात घेतली, त्या एफटीझेडवर छान चालतात. डी लेन्सच्या नशिबी मात्र झेड बॉडीत स्क्रू नाही आणि अ‍ॅडॉप्टरमध्येही नाही. उजेड मोजला जातो, बॉडीतलं स्थिरीकरणसुद्धा मिळतं, फोकस मात्र हाताने करायचा. २०२१ मध्ये झेड ९ बरोबर एफटीझेड २ आला तेव्हा सगळ्या जुन्या निकॉनवाल्यांनी डोळे लावले होते. त्यात काय बदललं? खालचा ट्रायपॉडचा फुगवटा गेला. मोटर नव्हतीच.

हे सगळं मी भिंतीवरून सांगितलं तेव्हा वहिनींच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"म्हणजे सोयरीक झाली, पण बोलणं बंद."

यापेक्षा चांगलं कुणी सांगू शकणार नाही. मी पुढे काही न बोलता तोंडली तोडायला लागले.

"पण सोनीनं घातली न मोटर? हेच सांगत होते काल."

घातली, हे खरं. सोनीने २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाचा कॅमेऱ्याचा धंदा घेतला, त्याबरोबर मिनोल्टाचा १९८५ पासूनचा ए माउंटही आला. त्याच्याही जुन्या लेन्स स्क्रूवरच्या. २०२० मध्ये सोनीने एलए-ईए५ नावाचा अ‍ॅडॉप्टर काढला, त्यात खरोखरची मोटर आहे, आणि ठरावीक बॉड्यांवर तो त्या लेन्स फिरवतोही. म्हणून भाऊंची आशा अगदीच हवेत नाही, ते तंत्र कुणाला अशक्य नाही. "मग निकॉनले काय झालं?" असा वहिनींचा पुढचा प्रश्न. माझं मत मी सांगितलं: ज्या माणसाची वीस वर्षांपूर्वीची लेन्स उत्तम चालते तो नवी झेड लेन्स घ्यायला दुकानात येत नाही. निकॉनने असं कधी म्हटलेलं नाही, हा माझा तर्क. पण धंद्याच्या घरात वाढले आहे, एवढं कळतं.

मागच्या गल्लीत एक कॅननवाला पोरगा आहे. तो भाऊंना हसतो. पाच डी मार्क थ्री विकून त्याने आर घराण्यातली बॉडी घेतली, पंचवीस-तीस मिलिमीटरच्या आतली एक रिंग लावली आणि जुन्या सगळ्या ईएफ लेन्स आहेत तशा चालवल्या, फोकससकट. नववधूच्या डोळ्यावर फोकसचा चौकोन येऊन बसतो, आणि ती मान वळवते तसा तोही वळतो. त्याचं कारण असं की ईएफ माउंट जन्मापासून, १९८७ पासून, विजेवर बोलणारा. मोटर लेन्समध्ये, स्क्रू वगैरे भानगडच नाही. ईएफचं अंतर चव्वेचाळीस, नव्या आरएफ माउंटचं वीस, मधे चोवीस मिलिमीटरचा अ‍ॅडॉप्टर, झालं.

पण त्या पोराने फार दात काढू नयेत. १९८७ मध्ये हे सुख आणताना कॅननने आपल्या एफडी लेन्सवाल्यांना चक्क उघड्यावर सोडलं होतं. एफडीचं अंतर बेचाळीस, ईएफचं चव्वेचाळीस. जुनी लेन्स नव्या बॉडीवर लावायची तर ती दोन मिलिमीटर आत रुतवावी लागली असती. ते कसं करणार? मधे काच घालून कसंबसं जमवता यायचं, त्यात चित्राची धार जायची. माझ्या वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ कॅननवर जे रुसले ते शेवटपर्यंत. गंमत म्हणजे त्याच एफडी लेन्स आज आरएफ बॉडीवर साध्या रिंगने बसतात, कारण वीस आणि बेचाळीसच्या मधे जागाच जागा. तीसेक वर्षांनी आरसा गेला आणि भांडण मिटलं. फोकस हाताने करायचा, पण तो एफडीवर तेव्हाही हातानेच होता.

"अन् ते सिग्मावालं काय? हे म्हणते कॅननच्या घरात सिग्माले घेऊन राहिले."

ही अफवा मात्र पाच पैशाची खरी आणि पंचाण्णव पैशाची उताविळी. कॅननने आरएफचं दार बाहेरच्या लेन्स कंपन्यांना बरीच वर्षं बंद ठेवलं. २०२२ मध्ये व्हिल्ट्रॉक्स या चिनी कंपनीला ऑटोफोकसच्या आरएफ लेन्स विकणं थांबवावं लागलं, कॅननने पेटंट पुढे केलं. एप्रिल २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन दोघांनी आरएफ लेन्स जाहीर केल्या, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटायचेच बाकी होते. पण त्या लेन्स छोट्या, एपीएस-सी सेन्सरच्या. फुल फ्रेमच्या कधी, यावर दर आठवड्याला कुणी ना कुणी तारीख देतो. तुलनेने सोनी फार हुशार निघाली. आपल्या मिररलेसच्या ई माउंटचे मूळ तपशील तिने २०११ मध्येच बाकीच्यांना फुकट खुले केले. तेव्हा ई माउंट फक्त छोट्या सेन्सरच्या नेक्स कॅमेऱ्यांवर होता. त्याचं तोंड जेमतेम शेचाळीस मिलिमीटरचं, यात फुल फ्रेमचा छत्तीस बाय चोवीसचा सेन्सर कसा मावणार, अशा पैजा लागायच्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये ए७ आला आणि मावला. रायपुरातल्या लग्नांमध्ये आज एवढे सोनी का दिसतात याचं अर्धं उत्तर त्या २०११ च्या निर्णयात आहे: स्वस्त लेन्स मिळते.

आता खरी भिंतीवरची बातमी. ही मीच वहिनींना पुरवली, कारण इतका वेळ त्याच देत होत्या आणि मला परतफेड करायची होती. सिनेमाचे कॅमेरे करणारी ती रेड नावाची कंपनी. २०२० च्या कोमोडो कॅमेऱ्याला तिने माउंट लावला कॅननचा आरएफ. सगळे म्हणाले, हे दोघं आता एकत्र. आणि मार्च २०२४ मध्ये बातमी आली की रेड विकत घेतली निकॉनने!

"हाय बाप्पा! नांदायले एकीकडे अन् नाव दुसरीकडे?"

पुढे २०२५ मध्ये रेडने झेड माउंटच्या आवृत्त्या काढल्या. वहिनींना ही हकिकत इतकी आवडली की त्यांनी सासूबाईंना हाक मारून पुन्हा ऐकवायला लावली. सासूबाईंनी फक्त विचारलं, "आपल्याले त्याचा काय उपयोग?" बरोबरच आहे, काही नाही.

उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे आणि ती कुठल्या अफवेत नसते. ती आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर असते. जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्स काढली की समोर आरसा, त्याच्यामागे शटर, आणि मग सेन्सर. मिररलेसमध्ये लेन्स काढली की समोर थेट सेन्सर, तोही काठापासून जेमतेम सोळा-वीस मिलिमीटर आत. उरल्याकडून वारा सुटलेला, मंडपात जनरेटर, आणि फोटोग्राफर हरदाहीच्या, म्हणजे हळदीच्या, गर्दीत लेन्स बदलतोय. दुसऱ्या दिवशी वधूच्या प्रत्येक फोटोत आकाशात एकाच जागी काळा ठिपका. ईओएस आर आला तेव्हा त्यात एक शहाणपणाची सोय होती: कॅमेरा बंद केला की शटर खाली येऊन सेन्सर झाकतं. सोनीने ए७ फोरमध्ये ही सोय मेनूत दिली, ती आपण चालू करावी लागते. निकॉनच्या पहिल्या झेड ६ आणि ७ मध्ये सेन्सर उघडाच. झेड ९ आणि झेड ८ मध्ये शटर काढून टाकलं, पण सेन्सरपुढे सरकणारी ढाल बसवली. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा तपशील किरकोळ वाटेल. बीरगांवात नवी बॉडी घेताना मी मेगापिक्सेलच्या आधी हे विचारीन. आणि पेटीतल्या तीनही जुन्या लेन्ससाठी एकच अ‍ॅडॉप्टर असेल तर तो बॉडीवरच ठेवून पुढची लेन्स बदलावी. सेन्सर तेवढा तरी आत राहतो.

दुसरं असंच अफवेत न येणारं. भाऊंचा पुतण्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर शिकला, त्याच्याकडे अठरा-पंचावन्न आहे. ती फुल फ्रेम बॉडीवर बसते, पण कॅमेरा आपोआप मधलाच तुकडा वापरतो. चोवीस मेगापिक्सेलच्या झेड ६ मध्ये मग हातात दहाच उरतात. अल्बमला पुरतात, मोठ्या फ्रेमला कमी पडतात. तेवढ्यासाठी फुल फ्रेमचे पैसे मोजायचे नाहीत.

वहिनींना यातलं अर्धं कंटाळवाणं वाटलं आणि त्यांनी विषय माझ्याकडे वळवला. "तुमच्या बाबांचं काही पडून आहे का जुनं?"

आहे. वडिलांचा रशियन झेनिट, त्यावरची हेलिओस ४४-२. अठ्ठावन्न एमएम, एफ २. स्क्रूसारखी फिरवून बसवायची, बेचाळीस मिलिमीटरचा आटा. हिच्यात ना मोटर, ना तार, ना चिप. आणि म्हणूनच ही जगातल्या कुठल्याही मिररलेसवर चालते! सोनी, निकॉन, कॅनन, कुणीही तिला नाही म्हणू शकत नाही, कारण तिने कुणाशी बोलायचंच नाही. एक साधी रिंग पुरते. मागे झाडं असली की पाठीमागचा उजेड गोल गोल फिरल्यासारखा दिसतो. ते तेव्हा दोष समजलं जायचं, आता प्री-वेडिंगवाली मुलं तेवढ्यासाठी हेलिओस शोधत फिरतात. भाऊंची ऐंशी-दोनशे तिच्यापेक्षा कितीतरी नवी आणि कितीतरी महाग, आणि अडून बसली आहे ती. अर्धी यंत्राची, अर्धी विजेची असणाऱ्यांची नेहमी अशीच पंचाईत होते.

जुळवाजुळवीचा हा त्रास काही आजचा नाही. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, तेव्हा फिल्मच्या कडांना छिद्रं पाडायचं यंत्रही बरोबर आणावं लागलं होतं. कोरी फिल्म छिद्रांशिवाय यायची. आज अ‍ॅडॉप्टर विसरून नागपूरला लग्नाला गेलेल्या माणसाने हे आठवून जरा धीर धरावा.

एवढ्यात भाऊच अंगणात आले. डोळे तारवटलेले. म्हणाले, "ताई, ऐकलं का? कॅनन एई-१ सारखा जुन्या चेहऱ्याचा आणणार म्हणे." एई-१ १९७६ चा, पन्नाशीचं निमित्त, म्हणून ही चर्चा. निकॉनने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या जुन्या फिल्मवाल्या एफएम२ च्या तोंडवळ्याचा झेड एफ काढला, तो गाजला, तेव्हापासून सगळ्यांना असं काहीतरी हवं आहे. मी म्हटलं, भाऊ, तुमची पेटी निकॉनची, तुम्हाला कॅननचा चेहरा काय करायचा? तर म्हणाले, "नुसतं ऐकायला बरं वाटतं हो."

यावर वहिनींनी दोरीवरचा शेवटचा टॉवेल झटकला. त्यातून निघालेली काळी धूळ आम्हा तिघांच्या मधे जरा वेळ तरंगली. "जेठौनीनंतरचं पहिलं बुकिंग कवाचं आहे? अ‍ॅडव्हान्स घेतला न? मग त्या लग्नाले ते येणारं येईन का हे?" भाऊ आत गेले आणि डी७५० ची बॅटरी चार्जिंगला लावली.

तर ज्यांच्या घरी अशीच वाट पाहणं चालू असेल त्यांना एवढंच सांगते. नव्या बॉडीची तारीख विचारू नका, आपल्या लेन्सवर काय लिहिलंय ते वाचा. निकॉनच्या लेन्सवर एएफ-एस असेल तर निर्धास्त एफटीझेड घ्या. नुसतं डी असेल तर हाताने फोकस करायची तयारी ठेवा, नाहीतर ती लेन्स सीझनच्या तोंडावर, मागणी असताना विका. कॅननची ईएफ असेल तर विकू नका. टॅमरॉनच्या काही लेन्सना अ‍ॅडॉप्टरवर नीट चालण्यासाठी फर्मवेअर भरून घ्यावं लागतं, ते आधी विचारा. आणि पैसे देण्याआधी आपलीच लेन्स दुकानात नेऊन त्या बॉडीवर चढवून पाहा, दुकानदार कितीही म्हणाला की भैया, सब चलता है.